पुढचा भाग एकट्याने बघू नये

हे लिहून काढणार नव्हतो. घरातली गोष्ट घरात राहावी असं मलाही वाटतं. पण कुठल्याही संस्थेचा इतिहास कुणीतरी लिहावाच लागतो, नाहीतर पुढच्या पिढीला वाटतं की लोक नुसतेच सोफ्यावर बसून होते.

तर संस्था अशी. आखातात, दार्सैतला अँजेलाच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून आणि मासे-भात जेवून, चौघंजण एक जपानी सिरियल बघायचे. अँजेला घरमालकीण, म्हणून अध्यक्ष. तिची धाकटी बहीण हेझल, दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. लॉईड, त्यांच्यासारखाच वसईचा, हॉटेलात फ्रंट ऑफिसला. आणि लॉईडचा रूममेट चिन्मय, पुण्याचा, बांधकामाच्या साइटवर. मिस्सेला येत नाही, पण जेवायला वेळेवर.

सिरियल कॉलेजच्या पाच मित्रांची. हिरोला पहिल्याच भागात हिरॉईन आवडते. हे तिला सांगायचंय, त्यासाठी अकरा भाग. मधल्या काळात तो सायकल ढकलतो (बसत कधीच नाही), नदीकडे बघतो आणि "अनो…" म्हणून थांबतो. अनो म्हणजे आपलं 'ते हे'. लॉईडने अंदाज काढला होता: संवाद बारा टक्के, वारा चाळीस टक्के, बाकी सायकल. चिन्मय म्हणायचा, एवढा वेळ साइटवर लावला तर अर्बाब (म्हणजे मालक) दुसऱ्या दिवशी घरी पाठवेल. रडायचा मात्र सगळ्यात जास्त तोच.

नियम तीन, तिन्ही लॉईडने केलेले. एक, पुढचा भाग कुणी एकट्याने बघणार नाही. बघितल्यास सगळ्यांची भांडी घासावी लागतील. दोन, चौघं हजर असल्याशिवाय भाग लागणार नाही. तीन, रडू आलं म्हणून पॉज मागू नये (हे चिन्मयसाठी).

आता लॉईडला हेझल आवडायची. कधीपासून ते विचारू नका, पहिल्या भागापासून धरा. पण पोरगा नियमाने चालणारा. सिरियल बघून त्याची खात्रीच पटली होती की असलं काही बोलायचं ते शेवटच्या भागात. आधी बोलणं म्हणजे रांग मोडून घुसणं. त्याने चिन्मयला तसं सांगूनही ठेवलं होतं. अकरावा संपला की बोलतो, खलास.

दहावा संपला. आणि लॉईडच्या लक्षात आलं की आता एकच उरला.

पुढच्या शुक्रवारी त्याची अचानक ड्यूटी निघाली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी अँजेलाचं वायफाय स्लो असल्याचं त्याला स्वतःच्या रूमवर बसून कळलं. मग त्याने ठराव मांडला की शेवटचा भाग नीट समजावा म्हणून पहिले दहा पुन्हा बघावेत. ठराव मंजूर. विरोधात एक मत, हेझलचं. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

मग एकदा भात वाढता वाढता हेझलने सांगितलं की तिला सलालाला नवीन नोकरी लागलीय आणि पुढच्या शुक्रवारनंतर ती निघेल. सलाला म्हणजे हजार किलोमीटर. हातात एकच शुक्रवार, आणि नेमका चिन्मय खाबुऱ्याला साइटवर अडकला.

लॉईडने फोन करून त्याला नियम दोन वाचून दाखवला.

"गाढवा, ती चाललीय," चिन्मय म्हणाला. "मी हजर आहे असं धर आणि लाव."

लावला. हिरो सायकल ढकलत स्टेशनवर आला. हिरॉईन फलाटावर. अजून काहीसुद्धा झालं नव्हतं. हिरोने तोंड उघडलं, आणि इकडे हेझलने टिश्यूचा बॉक्स मांडीवर घेतला. डोळे आधीच ओले.

अँजेलाने पॉज केलं. "तू पुढे बघितलंयस."

"मे महिन्यात," हेझल म्हणाली.

"का पण?" हे लॉईडने विचारलं. त्याला खरोखर धक्का बसला होता. नियमाचा.

"तो बोलतो की नाही ते बघायला. म्हणजे तू काय करशील ते कळलं असतं. तेव्हापासून मी रेडी बसलेय, आणि तू पहिले दहा परत लावतोस."



"ते हे…" लॉईड म्हणाला.

"यल्ला, चल लॉईड. पॉज त्याला केलंय."

मग लॉईड बोलला. काय बोलला त्याची नोंद नाही, कारण अध्यक्ष चहा टाकायला आत गेल्या होत्या (दार उघडं ठेवून). बाहेर आल्या तेव्हा त्यांनी नियम चार जाहीर केला: लॉईड आणि हेझल यांनी यापुढे एका सोफ्यावर बसू नये. सलालाच्या बसच्या वेळा मात्र त्यांनीच लॉईडला शोधून दिल्या.

भांडी हेझलने घासली. नियम म्हणजे नियम. लॉईडने पुसली, त्याला नियमात कुठेच आधार नव्हता.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी शेवट आधी बघून घेतला आणि मग वरून वाचायला सुरुवात केली, त्यांनाही नियम एक लागू आहे. मोठी कढई अजून सिंकमध्येच आहे. ज्यांनी कुणाला काही सांगायचं शेवटच्या भागासाठी राखून ठेवलंय, त्यांच्यासाठी पुसायचं फडकं खिडकीत वाळत घातलंय.

संध्याकाळी लॉईडने खाबुऱ्याला फोन लावून चिन्मयला सगळं सांगितलं. चिन्मयने नाक ओढून एकच विचारलं, की त्या सायकलवाल्याचं काय झालं.

"तसाच उभा आहे," लॉईड म्हणाला. "प्रॉमिस, तू येईपर्यंत त्याचं तोंड मिटू देणार नाही."