अडीचशे शब्दांतला साकव

लोकशाहीत प्रश्न सुटण्यापेक्षा तो मांडला जाणं जास्त मोलाचं असतं, कारण सुटलेला प्रश्न पुन्हा मांडता येत नाही. अंबरनाथ पूर्वेच्या खासदार संपर्क कार्यालयात हे तत्त्व भिंतीवर लिहिलेलं नाही, इतकं ते सर्वांना पाठ आहे. गेल्या वर्षी साहेबांनी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरचे मिळून एकशे बारा विषय संसदेत मांडले. (सुटलेल्या विषयांसाठीही एक रजिस्टर आहे. ते अत्यंत उत्तम स्थितीत आहे.)

हे विषय लिहून देण्याचं काम वैदेहीकडे होतं. तिचं वाचन दांडगं, भाषा स्वच्छ, आणि रस्त्यातल्या कुठल्याही खड्ड्याची ती दोन ओळींत 'पायाभूत सुविधांमधील तफावत' करून दाखवी. याचा तिला अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

एप्रिलमध्ये तिचे वडील, शशिकांत, चौदा पानी निवेदन घेऊन कार्यालयात आले. बदलापुरात कात्रपच्या घरात बापलेक रोज एकत्रच जेवत, पण पोच कार्यालयातच मिळते. ते रीतसर वहीत नाव लिहून पाऊण तास बाकावर बसले आणि तारखेचा शिक्का घेऊन गेले.

निवृत्तीनंतर शशिकांत जांभूळ गावाच्या पुढच्या एका पाड्यावर रविवारी मुलांना गणित शिकवत. पाड्यातली शाळा पाचवीपर्यंत, पुढची ओढ्यापलीकडे. ओढा भरला की अकरा मुलांची शाळा बुडे. त्यांतली सर्वांत हुशार किर्ती. ती सातवीत एकेचाळीस दिवस घरी राहिली होती, आणि आठवीतही तसंच झालं तर शाळा सोडवायची, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. शशिकांतना तिथे एक साकव हवा होता, पायी जाण्यापुरता छोटा पूल. निवेदनात त्याचं मापांसकट चित्र होतं, कोणत्या तारखेला पाणी किती चढतं याचा तक्ता होता आणि अकरा मुलांची नावं होती.

संसदेत असा विषय मांडायला अडीचशे शब्द मिळतात. वैदेही कामाला लागली. आधी विशेषणं काढावीत असा नियम आहे, पण फॅक्टरीत जन्म गेलेल्या माणसाने ती वापरलीच नव्हती. मग मुलांची नावं गेली, कारण सभागृह त्यांना ओळखत नाही. तक्ता गेला, कारण तक्ता वाचून दाखवता येत नाही. ओढा स्थानिक असल्याने गेला. पाऊस हंगामी असल्याने गेला. शेवटी साकव राहिला. साकव हा जिल्हा पातळीवरचा विषय. तो संसदेत मांडला तर उत्तर येतं, की हा विषय जिल्हा पातळीवरचा आहे. तोही गेला. 'दुर्गम भागातील शैक्षणिक जोडणी' उरली. दोनशे एकोणपन्नास शब्द झाले. उरलेल्या एका शब्दात तिने 'माननीय' बसवलं.

जुलैच्या सुरुवातीला शशिकांत हॉस्पिटलमध्ये होते. तिने मसुदा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"साकव कुठाय?"

"आशयात आहे, बाबा."

"बरं," ते म्हणाले. तीस वर्षं ते मालाच्या तपासणीवर होते. माल परत पाठवतानाही ते एवढंच म्हणत.

ते गेले, त्यानंतर नवव्या दिवशी विषय संसदेत मांडला गेला. एक मिनिट पन्नास सेकंद. साहेबांचा आवाज एके ठिकाणी किंचित दाटला. (मसुद्यात तशी सूचना होती.)

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. साहेबांचे स्वीय सहायक दौलतराव भाषण न करता थेट संसदेतली क्लिप दाखवायला लागले, याबद्दल सर्वांना बरं वाटलं. "वैदेहीताई, त्र्याऐंशी हजार लोकांनी बघितली," ते तिच्या कानाशी म्हणाले. "काकांचं सार्थक झालं."

मागच्या खुर्च्यांवर किर्ती आणि तिची आजी गोजरबाई बसल्या होत्या. क्लिप संपल्यावर गोजरबाई म्हणाली, "परत लाव रं बाबा. आमच्या वढ्याचं नाव निसटलं वाटतं."

दौलतरावांनी परत लावली. मग तिसऱ्यांदाही लावली. मग किर्तीनेच आजीला समजावलं, की हे मोठ्या भाषेत आहे, यात आपला वढा असणारच. सरांच्या मुलीनेच लिहिलंय.

मग ती वैदेहीकडे वळली. "ताई, म्हणजे पूल होतोय ना? घरी तसं सांगू?"

वैदेहीला त्या क्षणी बरंच काही सांगता आलं असतं. शब्दमर्यादा नव्हती.

"सरकार सकारात्मक आहे," ती म्हणाली.

उत्तर रीतसर आलं. शासन दुर्गम भागातील शिक्षणाला सर्वोच्च महत्त्व देतं, असं त्यात होतं, आणि ते मसुद्याला इतकं चपखल होतं की वैदेहीला त्यात एकही चूक काढता आली नाही. ऑगस्टअखेर किर्तीची शाळा सुटली. ती आता गोजरबाईबरोबर कात्रपला भाजी विकायला बसते, साहेबांच्या अभिनंदनाच्या बॅनरखाली. सावली चांगली पडते. वैदेही भाजी तिथूनच घेते आणि सुटे पैसे मोजून देते, म्हणजे फार बोलावं लागत नाही.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल, तर विषय योग्य प्रकारे मांडला गेला असं समजावं. त्या ओढ्याचं नाव आणि पाडा कोणता, हे वर कुठेही आलेलं नाही. गोजरबाईने ते तीनदा क्लिप लावून शोधलं. तुम्ही मागे जाऊन पाहिलं नाहीत.