ऑर्व्हिलचं नवं पिस्तूल

ऑर्व्हिल हॅगडॉर्नने शनिवारी सकाळी कॅफेत जाहीर केलं होतं की, अख्ख्या जिल्ह्यात ते पिस्तूल सगळ्यांत आधी त्याच्या हातात येणार. कुणाला पैज लावायची असेल तर त्याने खुशाल लावावी.

तीस वर्षांपूर्वी बंद पडलेलं ते मॉडेल कारखाना पुन्हा काढणार होता. ऑर्व्हिलच्या थोरल्या भावाकडे तसलंच होतं. भाऊ गेला, पिस्तूल पुतण्याने विकून टाकलं आणि ऑर्व्हिलच्या मनात ते तेव्हापासून ठाण मांडून बसलं. धान्याच्या कोठारावरची नोकरी संपवून घरी बसल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर गेलनच्या बंदुकांच्या दुकानात जाऊन नाव नोंदवलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. आज येईल, उद्या येईल करता करता नेब्रास्कातला एक अख्खा हिवाळा सरला आणि मका कमरेएवढा वाढला. पण माणूस वाट बघतानाच जास्त बोलतो. दर शनिवारी पॅनकेकवर पाक ओतता ओतता ऑर्व्हिल त्या पिस्तुलाचं पोलाद, त्याची पकड, त्याचा नेम यांचं असं काही वर्णन करायचा की, नेमबाजीच्या क्लबातल्या आणखी पाच म्हाताऱ्यांनीही गेलनकडे नाव घातलं. त्यांत ड्वेन होता, मर्लही होता. मर्लने आयुष्यात नवी मोटारसुद्धा घेतली नव्हती.

एके दिवशी गेलनचा फोन आला. ऑर्व्हिल दाढी करून, चर्चला घालायचा शर्ट चढवून गेला आणि डबा मांडीवर घेऊन गाडी चालवत घरी आला. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला. काळंभोर पिस्तूल बाहेर काढून रिकामं असल्याची खात्री केली. डाव्या हाताने स्लाइड धरली, म्हणजे पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग. तो मागे ओढून सोडला की गोळी नळीत चढते. आणि ओढली.

स्लाइड ढिम्म हलली नाही.

पुन्हा ओढली. अंगठ्याच्या मुळात अशी कळ गेली की, डोळ्यांत पाणी आलं. तेल घातलं. रबरी हातमोजा घातला. गुडघ्यांत धरून पाहिलं. ते पिस्तूल म्हणजे म्हशीने रस्त्यात बसकण मारावी तसं बसलं होतं.

खरं काय ते ऑर्व्हिलला ठाऊक होतं. गेली दोन वर्षं काकडीच्या लोणच्याची बरणी त्याची बायको ट्वायलाच उघडत होती आणि तो दर वेळी झाकणाला नावं ठेवत होता. नेम धरायला, घोडा दाबायला उजवा हात अजून शाबूत होता. डावा अंगठा तेवढा कामातून गेला होता. पण हे कुणाला सांगायचं?

"बघू इकडे," ट्वायला म्हणाली.

"नवा माल आहे, जरा रुळू दे," म्हणत त्याने डबा बंद केला.

शनिवारी सगळ्यांनी त्याला घेरलं. कसं आहे, कसं चालतं? ऑर्व्हिलने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "माल बरोबर नाही. स्लाइड अडकते. पूर्वीचं पोलाद राहिलं नाही आता."

एवढंच बोलला. पण गावात बोललेला शब्द पेरलेल्या मक्यासारखा असतो. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्याला कळलं की, कारखान्याने स्प्रिंगच चुकीची बसवली आहे. बुधवारी कळलं की, कॅन्ससमध्ये कुणाच्या तरी साडूचं पिस्तूल मधोमध तडकलं. पुढच्या शनिवारपर्यंत पाचही जणांनी आपापली मागणी रद्द केली होती, आणि ऑर्व्हिलने वेळीच सावध केलं म्हणून त्याच्या न्याहारीचं बिल मर्लने दिलं. मर्लने बिल दिलं म्हटल्यावर ऑर्व्हिल कॉफी अर्धी टाकून उठला.

त्यात ट्वायलाने बातमी आणली. वाणसामानाच्या दुकानात गेलनची बायको भेटली होती. थंडीत गेलन बंदुकांचं दुकान बंद ठेवणार म्हणे.

ऑर्व्हिलने ॲपल पायची बशी बाजूला सारली. आपल्या एका अंगठ्यापायी भल्या माणसाचं दुकान बसणार! ट्वायलाने त्याचा चेहरा पाहिला, पदार्थ तर बरा झालाय म्हणाली, आणि मग उठून कपाटातून डबा काढला. गोळ्यांचं मॅगझीन काढून बाजूला ठेवलं आणि लोणच्याची बरणी उघडावी तशी स्लाइड मागे ओढली. खट्.

"अडकत तर नाहीये," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ऑर्व्हिल दारात उभा होता. घसा खाकरून म्हणाला, "गेलन, पिस्तुलात काही खोट नाही."

"माहीत आहे मला."

"माझा अंगठा गेलाय."

"तेही माहीत आहे. डबा उचलताना बघितलं मी."

"पण पाच जणांनी मागणी रद्द केली, आणि तुझं दुकान थंडीत..."

"ती पाच ओमाहा शहरातल्या पोरांनी आठवड्यात उचलली. थंडीत आम्ही ॲरिझोनाला लेकीकडे चाललोय." गेलनने काउंटर पुसायला घेतला. "आणि रद्द करण्याआधी एकेक जण गुपचूप येऊन माझ्याकडचं ओढून बघून गेला होता. कुणालाच ओढता आलं नाही. तू बोललास म्हणून सुटले बिचारे."

ऑर्व्हिल स्टुलावर बसला. गेलनने खालून एक वेगळंच पिस्तूल काढून त्याच्यापुढे ठेवलं. ऑर्व्हिलने स्लाइड ओढली. लोण्यात सुरी जावी तशी मागे आली.

"हलकी स्प्रिंग आहे. खास बायकांसाठी काढलंय," गेलन म्हणाला. "ड्वेनने बायकोसाठी नेलं. मर्लनेही बायकोसाठीच."

"अरे, मर्लची बायको जाऊन चार वर्षं झाली."

"हो. खांदा दिला होता मी." गेलनच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "तुला ट्वायलासाठी हवं असेल ना?"

"ट्वायलासाठीच," ऑर्व्हिल म्हणाला.

"काळ्याला आठ महिने थांबावं लागेल. आकाशी निळं आत्ता आहे."

ऑर्व्हिलने खिडकीबाहेर बघितलं. आणखी आठ महिने वाट बघण्याची ताकद त्याच्यात नव्हती.

"निळंच दे. तिला तो रंग आवडतो."

पुढच्या शनिवारी क्लबाच्या मैदानावर सहा म्हातारे ओळीने उभे होते. सहाही जणांच्या हातांत आकाशी निळी पिस्तुलं होती, आणि सगळे अगदी एकाग्र होऊन फक्त आपापल्या लक्ष्याकडे बघत होते. ऑर्व्हिलचं ते काळं पिस्तूल होतं एकट्या ट्वायलाच्या हातात.