साहेबांना आत घ्यायचं नाही

"साहेब, तुम्ही शिंकलात. आत यायचं नाही."

ताई आपल्या सूपच्या दुकानात, स्वयंपाकघराच्या दारात झारा आडवा धरून उभी होती. समोर आरोग्य खात्याचे नवे इन्स्पेक्टर, नाकाला रुमाल लावून. गल्ल्यावरचा धाकटा भाऊ धावत आला. परवान्याची मुदत आज संपत होती. संध्याकाळपर्यंत तपासणीचा कागद झाला नाही, तर उद्या दुकानाला कुलूप.

"अगं ताई, ते तपासायला आलेत!"

"भिंतीवरचा तक्ता वाच. सर्दी-खोकला असलेल्यानं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. कुणाच्या खात्याचा आहे तक्ता?"

"आमच्याच," साहेब रुमालातून म्हणाले. "नियम बरोबर आहे. पण बघितल्याशिवाय मी सही करत नाही."

भावाने कपाळावर हात मारला. आधीचे साहेब बाहेरच बसून दोन वाट्या सूप ओरपायचे, 'स्वच्छता उत्तम' असं खरडायचे आणि ढेकर देत निघून जायचे. हरामखोर लेकाचे, पण डोक्याला ताप नव्हता! आज जन्मात पहिल्यांदा दोन सरळ माणसं समोरासमोर आली, आणि चुराडा मात्र त्याचा होणार.

"दुसऱ्या साहेबांना पाठवा ना."

"ते रजेवर आहेत. ही सर्दी त्यांचीच."

"मग भांडी बाहेर आणतो!"

"रस्त्याच्या धुळीत?" दोघंही एकदम कडाडले.

शेवटी ताईच म्हणाली, "मागच्या गल्लीत खिडकी आहे. काचेतून बघा."

पाऊण तास साहेब गल्लीत पालथ्या बादलीवर उभे होते आणि भाऊ बादली धरून. साहेब बोट दाखवतील ती वस्तू ताई काचेला लावत होती: फ्रीजमधला तापमापक, चाळणीची मागची बाजू, मोरीची जाळी. शेवटी, कुणी न सांगता, तिने एकटीने शेगडीचं लोखंडी टेबल सरकवून मागची फरशीही दाखवली. लखलखीत! साहेबांनी बादलीवरूनच तिला हात जोडले आणि सही ठोकली.

भावाच्या अंगात वारं शिरलं. त्याने साहेबांच्या हातातला कागद हिसकावला आणि मागच्या दाराने थेट आत घुसला. "ताई, पास!" म्हणत त्याने तो कागद उकळत्या सूपवर नाचवला.

"हात न धुता?" आतून ताई आणि काचेवर टकटक करत बाहेरून साहेब, एकाच वेळी ओरडले.

कागद परत खिडकीबाहेर गेला. साहेबांनी शिंक आवरत खाली एक ओळ वाढवली: 'दोष एकच. भाऊ. आत सोडू नये.'

ताईने काचेतून ओळ वाचली, मान डोलावली आणि सूपचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं.