बारशाला पाटी घेऊन येणाऱ्या परब बाई

आमच्या भागात कुणाकडे बारसं आहे आणि परब बाईंना त्याचा पत्ता नाही, असं सहसा होत नाही. आमंत्रण असो वा नसो, बाई येतात. काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पाटी. लाकडी चौकटीची, खरीखुरी दगडी पाटी. बाकीच्या बायका झबलं-टोपडं आणतात, कुणी चांदीचा वाळा आणतं. बाई पाळण्याशी जातात, "काय नाव ठेवलंत?" विचारतात आणि चौकटीवर पेनाने ते नाव लिहितात. नावाखाली साल लिहितात. कुठलं, तर बाळ चार वर्षांचं होऊन आमच्या शाळेच्या बालवर्गात येईल ते. मग पाटी उशाशी ठेवून पिशवीतून एक जाडजूड वही काढतात आणि झोपलेल्या बाळाला सांगतात, "नाव लिहून ठेवते हं." एवढं झालं की घुगऱ्या खाऊन निघतात.

बाई आमच्या शाळेत बालवर्गाला शिकवायच्या आणि मी तिसरीला शिकवते. शाळा डोंबिवली पूर्वेला, मराठी माध्यमाची, सकाळची. बाई लागल्या तेव्हा बालवर्गाच्या तीन तुकड्या होत्या आणि सतरंजीवर पोरं खेटून बसायची म्हणे. आता एकच वर्ग उरलाय, आणि तो भरेपर्यंत जून संपतो. म्हणून मे महिन्याच्या उन्हात आम्ही सगळ्या बाया फॉर्म घेऊन सोसायट्यांमधून हिंडतो. लोक दार अर्धवट उघडून, गोड हसून, "आम्ही इंग्लिश मीडियमला टाकलंय" सांगतात आणि पाणी विचारतात. आम्ही ते पाणी पिऊन खाली उतरतो. बाईंना हा मे महिन्याचा कारभार मान्य नव्हता. त्यांचं काम बारा महिने चालायचं आणि मूल जन्मल्यापासून चालायचं.

खरं तर त्याच्याही आधीपासून. एकदा भाजी घेताना आमच्या शेजारी एक गरोदर मुलगी मेथी निवडत होती. ना ओळख ना पाळख, बाईंनी तिला विचारलं, "कितवा?"

"सातवा संपतोय," ती लाजून म्हणाली.

बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे जानेवारीच्या तोंडावर. बघ हो बाळा, एकतीस डिसेंबरच्या आत झालं तर बरं. नाहीतर पोराचं एक वर्ष पुढे जातं."

ती बिचारी मेथीची जुडी हातात धरून बघतच राहिली. मी बाईंना ओढत बाहेर काढलं. पुढे तिला मुलगी झाली, एकोणतीस डिसेंबरला. यात आपला काही हात नाही, असं बाई म्हणतात खऱ्या, पण म्हणताना त्यांचा चेहरा वेगळंच सांगत असतो.

बाईंच्या हाताखालून गेलेली माणसं गावभर पसरलेली आहेत, आणि बाईंच्या लेखी त्यातलं एकही पाच वर्षांपेक्षा मोठं झालेलं नाही. एकदा आम्ही रिक्षातून जात होतो. चौकात एक मिशाळ ट्रॅफिक हवालदार शिट्टी फुंकत उभा होता. बाईंनी रिक्षातून मान बाहेर काढली. "विन्या! काय मिळेल ते तोंडात घालतोस अजून? काढ आधी!" हवालदाराने शिट्टी काढली, हात पाठीमागे नेले आणि म्हणाला, "हो बाई." मग चारही बाजूंच्या गाड्या एकदम सुटल्या आणि आम्ही पाऊण तास तिथेच अडकलो. बाईंना त्याचं काही नव्हतं. "ऐकतो अजून," एवढंच समाधानाने म्हणाल्या.

शाळेचा पहिला दिवस हा मात्र बाईंचा खरा दिवस. बालवर्गाच्या दाराशी त्या दिवशी जो आकांत चालतो, तो ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. आम्ही बाकीच्या जणी "रडायचं नाही, शहाणा ना तू" करत पोरांमागे धावायचो. बाई कुणालाही रडू नको म्हणायच्या नाहीत. खाली बसायच्या, पोराचं तोंड दोन्ही हातांत धरायच्या आणि म्हणायच्या, "रड. पण माझ्याकडे बघून रड." पोर बघायचं, रडायचं, आणि थोड्या वेळाने बघण्यात रडायचं विसरून जायचं. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. "पोराने आपल्याला आधी कधीतरी बघितलेलं असलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर बारशाला जाते." बारा दिवसांच्या बाळाला काय आठवणार, कपाळ? आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो होतो. मी जरा जास्तच हसले होते.

माझ्या रेवाच्या बारशालाही पाटी आली. सासूबाईंनी ती कौतुकाने कपाटावर ठेवली. मग दर वाढदिवसाला बाई पाटीवरच्या पेन्सिलींचा एक खोका घेऊन यायच्या आणि रेवा तो नेमाने खाऊन संपवायची. माझी शाळा सातची. मी निघायचे तेव्हा रेवा झोपेत असायची. उठली की आई कुठे म्हणून विचारायची आणि सासूबाई सांगायच्या, "आई शाळेत गेली." तेवढ्याने तिचं समाधान व्हायचं. पोर गुणाची आहे, आम्हाला त्रास असा तिने कधी दिलाच नाही.

आणि मग, सांगायला लाज वाटते, पण सांगतेच. रेवाला आम्ही इंग्लिश मीडियमला घातलं. मानपाड्याच्या बाजूला एक मोठी शाळा आहे, तिथे ज्युनिअर केजीला नंबर लागला. समीरचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आग्रह होता, सासूबाईंचं "पुढे जड नको जायला" होतं. सगळं त्यांच्यावर ढकलायची सोय होती. पण फॉर्म मीच भरला होता, तोही आमच्याच स्टाफरूममध्ये बसून, वह्यांच्या गठ्ठ्याखाली लपवून. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून मराठी शाळेचे गोडवे गाणारी मी.

बाईंना सांगायचं राहिलं. म्हणजे मी सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये प्रवेश झाला, मार्च उलटला, तरी मी रोज त्यांच्या शेजारी बसून डबा खात होते. बाईंचं ते शेवटचं वर्ष. त्यांच्या काळच्या निम्म्या पोरांचा असतो तसा त्यांचाही जन्म शाळेच्या दाखल्यावर एक जूनचा, त्यामुळे एकतीस मेला त्या निवृत्त होणार होत्या. वर्गात दप्तरं अडकवायला खुंट्यांची एक रांग आहे, प्रत्येक खुंटीवर नावाची चिठ्ठी. एप्रिलमध्ये एक दिवस मी सहज डोकावले, तर पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्या लावून तयार होत्या. पहिल्याच खुंटीवर रेवाचं नाव होतं.

निरोप समारंभात बाई दोनच वाक्यं बोलल्या. "पुढच्या वर्षीच्या खुंट्या लावून ठेवल्यात. आपल्या रेवाची पहिली आहे, नव्या बाईंनी तिला पेन्सिल खाऊ देऊ नये." सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात गाठून मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "अस्सं. कुठली शाळा?" मी नाव सांगितलं. त्यांनी पिशवीतून वही काढली. "किती वाजता भरते?"

"आठ."

"गेट कुठल्या बाजूला?"

"रस्त्याच्या... बाई, तुम्ही रागावलात?"

"नाव लिहून ठेवते हं," एवढंच म्हणून त्या जिना उतरून गेल्या. मी रात्रभर तळमळत होते. कशाला हवंय त्यांना गेट?

जूनमध्ये रेवाची तयारी बघण्यासारखी होती. आठवडाभर ती बॅग पाठीला लावून घरात फिरत होती, जेवतानासुद्धा काढेना. "इतर मुलं रडतात, आमची बघा कशी शाळेत जायला नाचतेय," असं आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होतो. तिच्या शाळेचा पहिला दिवस आणि माझ्या शाळेचा पहिला दिवस एकच. तो कुणाला चुकत नाही, आणि शाळेतल्या बाईला तर पहिल्या दिवशी रजा मागायची सोयच नसते. समीर तिला सोडणार होता. मी साडेसहाला निघाले तेव्हा रेवा पहिल्यांदाच जागी होती. दारात येऊन म्हणाली, "आई, तू हो पुढे. मी येतेच." मला फार गोड वाटलं ते. तेव्हा काही कळलं नाही.

मधल्या सुट्टीत मोबाइल बघितला. समीरचे चार मेसेज. "अगं, तुमच्या परब बाई इथे आल्यात." "आम्हाला सगळ्यांना गेटबाहेर थांबवलंय आणि या सरळ आत!" "वॉचमनला म्हणाल्या, गणेश, शर्टाचं बटण लाव. त्याने बटण लावलं आणि गेट उघडलं." "काय चाललंय हे? फोन कर."

मला वाटलं, बाई रेवाला हाताला धरून आमच्या बालवर्गात आणणार आणि त्या पहिल्या खुंटीखाली बसवणार. त्यांच्याकडून काहीही शक्य होतं. समोर तिसरीची पोरं आणि माझं सगळं लक्ष गेटकडे. बाई आल्या नाहीत.

दुपारी घरी पोचले तर रेवा पाय पसरून वरणभात खात होती. मला बघून तिने घास खाली ठेवला.

"आई, तू शाळेत नव्हतीस."

"मी माझ्या शाळेत..."

"मी सगळे वर्ग बघितले. हा पण बघितला, तो पण बघितला. तू कुठेच नव्हतीस."

मी तिच्या ताटाशी बसले. चार वर्षं रोज सकाळी या पोरीने एकच उत्तर ऐकलं होतं, आई शाळेत गेली. आता तीच शाळेत जाणार होती. आठवडाभर ती नाचत होती ती शाळेसाठी नाचतच नव्हती. आणि मी बालमानसशास्त्राचा पेपर देऊन पास झालेली बाई.

"मग गं?"

"मग मी रडले. मग परब आजी आली. ती म्हणाली, रड, पण माझ्याकडे बघून रड. ती म्हणाली, आईची शाळा वेगळी आहे आणि आईनेच मला पाठवलंय." रेवाने माझ्याकडे नीट बघितलं. "तू पाठवलंस ना आजीला?"

"हो," मी म्हणाले.

संध्याकाळी बाईंकडे गेले. एकट्याच असतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मंदार परदेशात. बाई टेबलाशी पाट्यांच्या चौकटी पुसत बसल्या होत्या. मी समोर खुर्ची ओढली. बाईच म्हणाल्या, "शाळा वेगळी आहे हे तिला सांगायचं राहिलं असेल, असं वाटलंच मला. माझंही राहिलेलं."

मंदार लहान असताना त्या ठाण्याला, कोपरीत राहायच्या. नोकरी इकडे डोंबिवलीत, म्हणून मंदार आजीजवळ आणि त्याची शाळाही घराजवळची. पहिल्या दिवशी बाई इथे पन्नास पोरांची नाकं पुसत होत्या. तिकडे मंदार एकेका वर्गाचं दार ढकलून आत बघत होता. शिपायाने धरून आणलं की पुन्हा निसटायचा. आई इथेच असते, असं सगळ्यांना सांगायचा.

"संध्याकाळी घरी गेले, तर रडला नाही की रुसला नाही," बाई म्हणाल्या. "फक्त विचारलं, तू कुठे लपलेलीस?"

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. इतकी वर्षं आम्ही जिला हसलो ती वही मी पहिल्यांदा उघडून बघत होते. नाव, बारशाचा दिवस, शाळा आणि शेवटचा रकाना, पहिला दिवस. आमच्या शाळेत आलेल्या प्रत्येक पोरापुढे तिथे काही ना काही लिहिलेलं होतं. "बूट काढेना." "फार रडला, मग माझ्या मांडीवर झोपला." दुसऱ्या शाळांत गेलेल्यांचीही नावं होती, इंग्लिश शाळांची तर पानंच्या पानं. एकही नाव खोडलेलं नव्हतं, पण त्यांचा शेवटचा रकाना कोरा होता.

"त्या दिवशी मी इकडे अडकलेली असायचे ना," बाई म्हणाल्या. "यंदा मोकळी झाले."

शेवटच्या पानावर रेवा होती. "रडली. माझ्याकडे बघून रडली. साडेनऊला डबा खाल्ला." मी उलटी पानं चाळत सुरुवातीला आले. पहिल्या पानावरचं पहिलं नाव मंदारचं होतं. त्याचाही रकाना कोराच.

माझे डोळे भरून आले. मी कसंबसं "बाई, माझं चुकलं" म्हणाले, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या हातातलं फडकं घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

"घरी आल्यावर रेवा काय म्हणाली गो?"

"तू शाळेत नव्हतीस, म्हणाली."

"लपलेलीस, असं नाही ना म्हणाली?"

"नाही."

"मग झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. "उद्याही जाईन मी. दोन-तीन दिवस लागतात पोरांना."