वाटीखालची रेघ

लातूरच्या गंजगोलाईत भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून खाजाभाई भांड्यांवर नावं टाकतो. तुम्ही त्याच्याकडं तांब्या घेऊन गेलात तर तो तांब्याकडं बघत नाही. तुमच्या तोंडाकडं बघतो आणि विचारतो, "नाव कुठून आलं?" तुम्ही म्हणणार, कुठून म्हणजे, आईबापानं ठेवलं. मग तो मशीन बंद करून बाजूला ठेवतो. "नाव कच्चं हाय. पक्कं करून आना."

नाव कुणी सुचवलं, कशावरून ठेवलं, आधी घरात कुणाचं होतं, हे सगळं सांगितल्याबिगर ह्या माणसाचं मशीन खर्र करत नाही. गिऱ्हाईक शिव्या देतं. दुकानाचा मालक कपाळाला हात लावतो. पण आख्ख्या बाजारात त्याच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नाही, म्हणून त्याला कुणी उठवत नाही.

एकदा औशाकडचे लोक लग्नाचे पन्नास डबे घेऊन आले. नवरीचं सासरचं नाव टाकायचं होतं, वैष्णवी.

"आन माहेरचं?"

"शीतल."

"मग शीतल कुठं गेली?"

"अहो, ती हीच की!"

"हीच हाय तर मग नाव कामून बदललं? तिला इच्यारलं का?"

नवरी तिथंच उभी होती, पदर तोंडाला लावून हसत होती. नवऱ्याचा चुलता लाल झाला. तासभर वाद चालला. शेवटी डब्यांवर दोन्ही नावं पडली, आधी शीतल, मग वैष्णवी. आणि पन्नास डब्यांवर जास्तीचं नाव टाकायचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

दुसऱ्या एका बाईचं नाव होतं डिंपल. खाजाभाईनं चार जणांना विचारून अर्थ काढला. गालावरची खळी. मग त्यानं वाटीवर नाव टाकलं आणि वाटीच्या अंगाला हातोडीनं एक छोटा पोचा पाडून दिला. वर म्हणाला, "आता पक्कं झालं." त्या बाईनं ती वाटी त्याला फेकून मारली. वाटी त्याच्याकडं अजून आहे. त्यात तो सुपारी ठेवतो.

नावाबद्दल कुणी हसलं की त्याचं एकच बोलणं, "नाव म्हंजे भांड्याचा कान असतो, दादा. कान न्हाई तर उचलायचं कशाला धरून?"

हे झालं एक खूळ. दुसरं खूळ असं, की नाव टाकायच्या आधी तो भांडं पालथं करतो आणि बुडाला एक रेघ ओढतो. एक बोटभर, सरळ. ताट असो, परात असो, चमचा असो. विचारलं तर म्हणतो, "मशीनचं पेन तपासतो."

माझी त्याची ओळख ह्या रेघेवरूनच झाली. मी दालमिलमध्ये हमाली करायचो. पै-पै जमवून दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा कौसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, नवा तांब्या घेतला. त्याच्यावर नाव टाकून आणला तर बुडाला ओरखडा. माझं डोकंच फिरलं. तसाच पायरीवर गेलो. त्याला मूलबाळ नाही एवढं ऐकून होतो, तेवढ्यावर भर बाजारात बोललो, "नव्या भांड्याची वाट लावलीस. तुला ना लेक ना लेकरू, तुला काय कळतंय घरच्या भांड्याची माया!" तो नुसता हसला. म्हणाला, "पेन तपासत होतो, दादा."

दुसऱ्या दिवशी कौसा तोच तांब्या घेऊन भांडायला गेली. ती माझ्यापेक्षा चार शिव्या जास्त देणारी. पण परत आली तर गप. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "पेन तपासत असतील ओ. तुमचं काय झिजलं?" आणि वर मलाच बोलली, की बाजारात माणसाला असं तोडून बोलत नसतात. त्या दिवसापासून खाजाभाई तिला आक्का म्हणायला लागला आणि मिलमधून सुटलो की माझीही बैठक त्या पायरीवर पडायला लागली.

आता त्याचं तिसरं आणि सगळ्यात मोठं खूळ. ते म्हणजे एक नाव. एलिफ.

हे नाव तुर्कस्तानातलं, पोरींचं. ते लातूरला कसं आलं ते त्यानं मला शंभर वेळा सांगितलंय. त्याचा मामू हजला गेला होता. तंबूत शेजारी एक तुर्की म्हातारा. ह्याला त्याची भाषा येईना, त्याला ह्याची. दोघं खजूर वाटून खायचे आणि एकमेकांकडं बघून हसायचे. एक दिवस त्या म्हाताऱ्यानं पाकिटातून आपल्या पोरीचा फोटो काढला, म्हणाला, "एलिफ", आणि एक बोट सरळ उभं केलं. मामूला कळलं. उर्दूत पहिलं अक्षर अलिफ, तेच तिकडं एलिफ. सडपातळ, सरळ, ताठ मानेची पोरगी. मामू परत येताना झमझमचं पाणी, खजूर आणि हे नाव घेऊन आला. खजूर संपले, पाणी संपलं. नाव खाजाभाईनं धरून ठेवलं.

गिऱ्हाईक बाई पोटुशी दिसली की हा सुरू. "पोरगी झाली तर एलिफ ठेवा. लई चांगलं नाव हाय." एकदा हदगावकडचा एक पाव्हणा म्हणाला, "एलिफ? ते तर आमच्या पोराच्या पुस्तकात हाय. सोंडवालं." तेव्हापासून बाजारात त्याला हत्तीवाला म्हणतात. पोरंटोरं जाता येता विचारतात, "चाचा, हत्ती बसला का कुठं?" तो चिडत नाही. म्हणतो, "बसंल, बसंल."

आणि त्याच्या बातम्या! तुर्कस्तान जणू उदगीरच्या पलीकडंच आहे अशा थाटात सांगायचा. मी बसायला लागलो त्याला पाच-सहा वर्षं झाली तेव्हा म्हणायचा, "तिकडं आपली एक एलिफ शाळंत जायलीय, वर्गात पैली." पुढं म्हणायला लागला, "आपली एलिफ कॉलेजात गेली." मग मोबाईल आला, भाच्याकडून तो काय काय शोधून घ्यायचा. तिकडं ह्या नावाच्या बाया पुस्तकं लिहितात, गाणी म्हणतात, मैदानावर पळतात. अलीकडं तर, "आपली एक एलिफ इमान चालवायलीय, दादा." मी म्हणायचो, "मग ये म्हण की एकदा लातूरला. गोलाईला चक्कर मारून जाईल." तो खरंच विचार केल्यासारखा आभाळाकडं बघायचा.

मग लोकांच्या मोबाईलवर तुर्की मालिका आल्या, उर्दूत बोलणाऱ्या. झालं, आपल्याकडं पोरींना ते नाव पडायला लागलं. पहिली एलिफ उदगीरला झाली. हा वाटी करून घेऊन गेला. दुसरी इथंच, डॉक्टरच्या घरी. तिलाही वाटी. तिसरी नांदेडला, देगलूर नाक्याकडं. तिथं मला ओढून नेलं. एसटीत तीन तास तो मांडीवर वाटी धरून बसला, जसं काही वाटीत दूध आहे. ते घर हुडकत आम्ही दोन म्हातारे ऊन खात फिरलो. दार उघडणाऱ्या बाईला वाटलं, वर्गणीवाले आले.

"कोण पायजे?"

"एलिफ," हा म्हणाला.

"ती चार महिन्यांची हाय. काय काम हाय तिच्याकडं?"

शेवटी मीच मधी पडलो, चहा मिळाला आणि पोरगी बघायला मिळाली. काय पोरगी! गोल गरगरीत, मानेचा पत्ता नाही. खाजाभाई बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या कानात म्हणाला, "दादा, ही अलिफ न्हाई, ही मीम हाय." मीम म्हणजे त्यांचं गोल अक्षर. पण वाटी दिली. त्या गोल पोरीच्या हातात बोट देऊन असा बसला, की शेवटची एसटी चुकता चुकता राहिली.

कौसा गेली त्याला आता अकरा महिने झाले. ताप आला, चार दिवसांत गेली. दुसरं काही त्याच्यात सांगण्यासारखं नाही. मी चहा अजून दोन कप ठेवतो आणि दुसरा कप थंड झाला की मीच पितो.

वर्षश्राद्ध जवळ आलं. तिच्या नावानं पाहुण्यांना तांबे वाटायचे ठरलं. सून जागा करायला तिची लोखंडी पेटी आवरत होती. लुगड्यांच्या खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या वाट्या निघाल्या. सगळ्या एकसारख्या, लेकराच्या घुटीला लागतात तेवढ्या. सत्तावीस.

"बाबा, ह्या कशाच्या ओ? एकीवरबी नाव न्हाई. मोडीत देऊन टाकू का? दोन पातेली येतील."

मी उलटून बघितल्या. नाव नाहीच. आमच्या घरात चमच्यावरसुद्धा नाव आहे, आणि ह्या सत्तावीस वाट्या कोऱ्या. बुडाला तेवढी ती रेघ. मला काय कळायचं ते कळलं. दरसाल उन्हाळ्यात एकदा कौसा एकटी गोलाईत जायची आणि कशाला गेली होतीस विचारलं तर "जरा काम होतं" म्हणायची. ह्या खाजानं तिला वाट्या विकल्या, नाव टाकायचे पैसे घेतले आणि नुसतं पेन तपासून पाठवली. वर आक्का आक्का!

तांबे आणि वाट्या दोन पिशव्यांत घेऊन गेलो. वाट्यांची पिशवी त्याच्या पुढ्यात उपडी केली. वाट्या खणखणत पायऱ्यांवरून घरंगळल्या. सगळा बाजार बघायला लागला.

"काय रे खाजा, आमच्या कौसाला येडी समजलास? सत्तावीस वाट्या! एकीवर तरी नाव हाय का?"

तो पायरीवरून उठला. खाली उतरला, एकेक वाटी उचलली, सदऱ्याला पुसली. गटाराच्या कडेला गेलेलीसुद्धा हात घालून काढली. सगळ्या गोळा झाल्यावर मोजल्या. मग माझ्यासमोर एक पालथी धरली.

"नाव हाय, दादा."

"कुठं हाय? मी आंधळा हाय का?"

"हे." त्यानं रेघेवर बोट ठेवलं. "हे अलिफ हाय. एवढंच असतंय. एक उभी रेघ."

मी वाटी त्याच्या हातातून घेतली.

"मला लेक झाली होती," तो म्हणाला. "तुमची वळख व्हायच्या आदल्या साली. सातव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. सहाव्या दिवशी मी हितंच बसून तिची वाटी करायलो होतो. रेघ वढली अन् घरून बोलावणं आलं. गेलो तर सपलं होतं. मातीला आलेली मानसं म्हनली, बिननावाचं लेकरू गेलं. मी म्हनलो, न्हाई, म्या टाकलंय नाव. कोन ऐकतंय? आक्का भांडायला आली तव्हा तिला हेच सांगितलं. तिनं तांब्या हातात घेतला, रेघेवरून बोट फिरवलं आन म्हनली, एलिफ. बस. तेवढ्या एकाच मानसानं वाचलं ते नाव."

"आन ह्या वाट्या?"

"दरसाल त्या दिवशी एक करतो. घरी ठिवता येत न्हाई, घरवालीला, रजियाला दिसली की दोन दिस चूल पेटत न्हाई. आक्का म्हनली, माझ्याकडं ठिवा, माझी पेटी मोठी हाय."

"मला का न्हाई बोलली ती?"

"मीच म्हनलो नक्को. तुमी बाजारात बोलता, दादा."

खरंच होतं. आत्ताही बाजारातच बोललो होतो. आणि सत्तावीस वर्षांमागं ह्याच पायरीवर ह्या माणसाला काय म्हणालो होतो, तेही आठवलं. ना लेक ना लेकरू. शाळेत जाणारी, कॉलेजात जाणारी, इमान चालवणारी, त्याच्या त्या सगळ्या एलिफ त्याच्या लेकीच्याच वयानं का वाढत होत्या, तेही तेव्हाच कळलं. मी त्याच्या सुपारीच्या वाटीतली सुपारी उचलून तोंडात टाकली.

त्यानं पिशवीतला एक तांब्या काढला. सवयीप्रमाणं पालथा केला, रेघ ओढली. मग सरळ केला. मी वाट बघत होतो, आता विचारणार, कौसा नाव कुठून आलं? मला तर ते ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यानं विचारलं नाही. "हे पक्कं हाय," म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

सगळे तांबे झाले. मी उठलो तसा त्यानं बूड सरकवून बसायच्या पोत्याखालून कागदाची पुडी काढली. हातातच धरून बसला.

"औंदाची हाय," म्हणाला. "आक्का न्हाई. कुठं ठिवावी कळंना."

"दे इकडं," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा सून कणीक मळत होती. मी पेटी उघडून वाट्या टॉवेलात लावायला लागलो. कौसा लावायची तशा, पालथ्या, रेघ वर. सून पदराला हात पुसत आली.

"आवं बाबा, परत आनल्या? आन एक जास्तच आनली? नाव न्हाई गाव न्हाई, कुनाच्या म्हनायच्या ह्या?"

"एलिफच्या."

"कोन एलिफ?"

"खाजाभाईची लेक," मी म्हणालो. "आपल्याकडं राहती."