रस्त्यापलीकडची घासाघीस

कोंडामावशीने मला फसवलं. भाव पातेल्याचा ठरला होता, नेलं झाकणासकट. सायकलवर भांडी विकत विकत मी कंधारात दुकान थाटलं. गिऱ्हाईक मला बनवून जात नाही. ही जाते, आणि तेही रस्त्याच्या पलीकडून.

दुकानाची पायरी ती चढतच नाही. समोरच्या लिंबाखाली उभी राहते, तोंडाला पदर, आणि तिथून ओरडून ॲल्युमिनियमच्या पातेल्याचाही भाव पाडते. "जर्मनचं हाय का सोन्याचं, आप्पा?" अख्खा बाजार ऐकतो. सौदा झाला की माल पायरीवर ठेवायला लावते आणि मी आत वळलो की उचलते. लोक म्हणायचे, म्हातारी सटकली. मला ती घमेंड वाटली. एकदा डोकं फिरलं, तसा जाब विचारायला रस्ता ओलांडून गेलो. ती मागे सरली.

"तिथंच थांब. टीबी हाय मला. तुझी नात गल्ल्यावर बसती."

ती डाळीच्या मिलमध्ये डाळ निवडायची. तिथे बाया गुडघ्याला गुडघा लावून बसतात. शेजारची बाई खोकत खोकत कामाला यायची, कारण घरी बसली तर चूल पेटत नव्हती. तिच्याकडून हिला लागला. हिच्या खात्यावर मात्र टीबीच्या पेशंटला मिळणारे सरकारचे खुराकाचे पैसे यायला लागले. त्या जोरावर मावशीने मिल सोडली. अंडी, शेंगदाणे खायची, गोळ्या पचवायची. म्हणायची, "ह्यो खोकला माझ्यापाशीच संपवते."

मग पैसे यायचे थांबले. बँक म्हणते दवाखान्यात विचारा, दवाखाना म्हणतो वरूनच आले नाहीत. मी अंडी देऊ केली, तर फुकटचं खायला भिकारीण हाय का म्हणून माझ्यावरच खेकसली.

काल पितळेची घागर मोडीत घालायला घेऊन आली. लग्नात आईने नाव कोरून दिलेली. मी मुद्दाम पडेल भाव सांगितला. म्हटलं, भांडेल, म्हणजे वाढवून देता येईल.

ती म्हणाली, "दे बाबा, तू म्हणशील ते."

मी जास्त पैसे पायरीवर ठेवले. तिने मोजलेही नाहीत.

घागर मी मोडीत काढणार नाही. पण घरातली भांडी संपली की ती पुन्हा मिलमध्ये जाणार, औषधाचा कोर्स पुरा व्हायच्या आत, चार बायांच्या शेजारी. त्यांच्यातली जी पहिली खोकेल, तिला काय सांगायचं? वरून आले नाहीत म्हणजे कोणाकडून आले नाहीत? त्या माणसाचं नाव मला पाहिजे.