रिकाम्या फांद्यांचा खेळ

पक्षी ओळखावेत तर चंद्रहासनेच, असा नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावातल्या मराठी मंडळींत माझा लौकिक होता. तो मीच पसरवला होता. त्यामुळे २००५ साली मी आणि माझी बायको सुचेता इक्वेडोरला पक्षी बघून आलो, तेव्हा ऑफिसचा प्रोजेक्टर घरी आणून रविवारी दुपारी मी सगळ्यांना फोटो बघायला बोलावलं. शेजारचे डच वीमआजोबाही आले. ते इथल्या पक्षिमंडळाचे सर्वांत जुने सभासद. छाप पाडायची ती त्यांच्यावर!

"हा अँडीजचा डोंगरउतार. या फांदीवर हमिंगबर्ड होता."

"होता?" वासंतीवहिनींनी विचारलं.

"नुकताच उडाला."

पुढे घनदाट वर्षावन आलं. तिथल्या फांदीवरून भल्यामोठ्या चोचीचा टूकन उडाला होता. पोपटांचा थवा झाडासकट हलला होता. चाळिसाव्या रिकाम्या फांदीला विश्वास म्हणाला, "झाडं मात्र छान आहेत रे तिकडची."

वीमआजोबांनी घड्याळात बघितलं. ते जास्त लागलं.

घाबरून मी दुसरं फोल्डर उघडलं. ते निघालं सुचेताच्या कॅमेऱ्याचं. पडद्यावर मी! चिखलाच्या उतारावर, दोन्ही पाय हवेत. पुढच्या फोटोत उताणा. त्यापुढच्यात दुर्बिणीचा पट्टा तोंडात. लोक पोट धरून हसायला लागले.

"मला उचलायचं सोडून तू फोटो काढत होतीस?"

"तूच म्हणाला होतास, हालचाल केली की पक्षी उडतात."

मी प्रोजेक्टर बंद करायला धावलो, तोच वीमआजोबा ताडकन उठले. "हात लावू नकोस," ते इंग्रजीत ओरडले आणि चष्मा पुसत पडद्याजवळ गेले. माझ्या बुटामागे, वाटेवरच, लांब पायांचा एक तपकिरी गोलमटोल पक्षी माझ्याकडे टक लावून उभा होता.

"अँटपिट्टा," आजोबा पडद्यावर बोट टेकवत म्हणाले. "याच्यासाठी मी तीनदा इक्वेडोरला गेलो. पीसही दिसलं नाही."

हसणं थांबलं. सगळे आदराने माझ्याकडे बघू लागले.

"मला वाटलं, कोंबडीचं पिल्लू असेल," सुचेता म्हणाली.

आजोबांनी तो फोटो मंडळाच्या अंकासाठी मागून नेला. महिन्याभराने अंक आला. मुखपृष्ठावर तोच पक्षी, खाली सुचेताचं नाव. मला कापलं होतं. कोपऱ्यात माझ्या डाव्या बुटाची टाच तेवढी शिल्लक होती. का ठेवली म्हणून आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "पक्षी केवढा आहे, त्याचा अंदाज यायला नको का?"